मदत हवी आहे : वुडहाउसच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात?

वाचनगटासाठी विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसच्या जीव्ज-बर्टी (हुशार नोकर आणि त्याचा भोळा मालक) कादंबऱ्या लावतोय. 'राइट हो, जीव्ज' (१९३४) आणि 'द कोड ऑफ द वूस्टर्स' (१९३८) याच क्रमाने झाल्या. क्रम उलटला तर बर्टीचा मित्र गसी याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं की मॅडलिन बर्टीच्याच गळ्यात पडणार, ही धास्ती नवख्यांना नीट कळत नाही, आणि सगळी मजा तर तिथेच आहे.

हा गसी-मॅडलिनचा धागा सलग ठेवायचा तर आता 'द मेटिंग सीझन' (१९४९) घ्यावी लागेल. मधली 'जॉय इन द मॉर्निंग' (१९४६) मागे राहते. तिच्यातले फ्लोरेन्स आणि तिचा वाग्दत्त वर स्टिल्टन पुढे 'जीव्ज अँड द फ्यूडल स्पिरिट'मध्ये (१९५४) येतात, म्हणून त्या दोन लागोपाठ घ्यायचा विचार आहे. कथासंग्रह नकोत, वाचन मूळ इंग्रजीतच.

'मेटिंग सीझन' आधी वाचली तर 'जॉय'मधलं काही फुटतं का?