मदत हवी आहे: हुलग्याच्या अर्काने रक्तगट दाखवण्याचा प्रयोग

मी परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. साखर म्हणजे केवळ ऊर्जा, ही समजूत बारावीच्या मुलांच्या मनातून जात नाही. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करा-साखळ्या तिची ओळख कशी ठरवतात, हे मला प्रत्यक्ष दाखवायचे आहे. ए गटाच्या तांबड्या पेशींवर साखळीच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन ही शर्करा असते, बी गटात गॅलॅक्टोज ही शर्करा, आणि ओ गटात यांपैकी एकही नसते. रक्त देताना एवढ्याशा फरकावर माणसाचे प्राण अवलंबून असतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या हुलग्यांत ए गटाच्या ए१ या उपगटातील पेशींना एकमेकींशी चिकटवणारे लेक्टिन हे प्रथिन असते आणि रक्तपेढ्या ए१ व ए२ हे उपगट ओळखण्यासाठी ते वापरतात. म्हणून मी हुलगे रात्रभर भिजवून, ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात वाटून, फडक्यातून गाळले. अर्क गढूळच राहिला, आणि काचपट्टीवर ए गटाबरोबर ओ गटाच्या पेशींचेही पुंजके झाले, जे व्हायला नको होते.

अर्क फार तीव्र राहिला असेल, की गाळणी अपुरी पडली? सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून गाळ वेगळा करणारे यंत्र) नसताना तो स्वच्छ कसा करावा आणि किती पट पातळ करावा? मुलांचे रक्त घेणे मला योग्य वाटत नाही. तपासणी झालेल्या पेशी शिकवण्यासाठी रक्तपेढीतून रीतसर मिळू शकतात का? रक्तपेढीत किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.