गेटिसबर्गसोबत विक्सबर्गचंही नाव घ्या

अमेरिकेचं उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध गेटिसबर्गच्या लढाईत उत्तरेच्या बाजूने फिरलं, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. गेटिसबर्गची लढाई ३ जुलै १८६३ ला संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिकडे मिसिसिपी नदीकाठचं विक्सबर्ग पडलं. तिथे सुमारे २९,००० दक्षिणी सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. गेटिसबर्गहून दक्षिणेचा सेनापती ली निदान आपलं सैन्य घेऊन परत तरी गेला. इथे विक्सबर्ग राखणाऱ्या पेंबर्टनची अख्खी फौजच हातची गेली.

उत्तरेचा सेनापती ग्रँट याची ही मोहीम मुळातून वाचण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये उत्तरेच्या आरमाराचा अधिकारी पोर्टर याच्या बोटी रात्रीच्या अंधारात शहराच्या तोफांखालून निसटल्या. सैन्य पलीकडच्या काठाने दक्षिणेला उतरलं, नदी ओलांडली, आधी मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन घेतली आणि मग पश्चिमेला वळलं. मे महिन्यात थेट हल्ले दोनदा फसले, तेव्हा वेढा पडला.

वेढ्यात गावातल्या माणसांचे फार हाल झाले. तोफगोळ्यांच्या भीतीने बायकामुलं टेकड्यांत खोदलेल्या गुहांत राहिली, खेचराचं मांस खाण्याची वेळ आली. कागद संपला तेव्हा तिथलं वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या मागच्या बाजूवर छापलं गेलं!

९ जुलैला नदीवरचं दक्षिणेचं शेवटचं ठाणं पोर्ट हडसनही पडलं. मिसिसिपी पूर्णपणे उत्तरेच्या ताब्यात आली आणि टेक्सास, आर्कान्सा बाकीच्या दक्षिणेपासून तुटले. पुढे मार्च १८६४ मध्ये लिंकनने सगळ्या सैन्याची सूत्रं ग्रँटकडे दिली, त्यामागे विक्सबर्गचा वाटा मोठा होता.