नावाचा अर्थ कशाला शोधायचा?

अनवट (धागाकर्ता)
बाळाची चाहूल लागली की लोक अर्थासकट नावांच्या याद्या पालथ्या घालतात. माझं मत स्पष्ट आहे: नाव रुळलं की त्याचा अर्थ संपतो. क्लॉडिया हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ ‘लंगडा’, सेसिलियाच्या मुळाशी ‘आंधळा’. ही नावं ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात यातलं काहीच नसतं. थॉमस म्हणजे अरामी भाषेत ‘जुळा’, पण थॉमसला त्याच्या जुळ्या भावंडाबद्दल कोण विचारतं? जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ मध्येच हे मांडलं होतं. त्याचं उदाहरण: इंग्लंडमधल्या डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं गाव म्हणून डार्टमथ. उद्या नदीने पात्र बदललं तरी गावाचं नाव तेच राहील. नाव ही नुसती खूण असते.

कोरांटी
साफ असहमत. तुमची सगळी उदाहरणं उसन्या नावांची आहेत. ज्यांच्या बोलीत लॅटिन नाही त्यांनी लॅटिन नाव घेतलं तर अर्थ हरवणारच. नाव जिथे रोजच्या भाषेतलं असतं तिथे बघा. घानामधल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं पूर्ण नाव कोफी अट्टा अन्नान. जन्म ८ एप्रिल १९३८, वार शुक्रवार. अट्टा म्हणजे जुळा, आणि त्यांना खरोखरच जुळी बहीण होती. तुमच्या थॉमसमधला ‘जुळा’ मेला असेल, हा जिवंत आहे.

नायजेरियाच्या योरुबा समाजात तर जुळ्यांपैकी आधी जन्मलेलं ते ताइवो आणि मागाहून आलेलं केहिंदे. थोरलेपणाचा मान मात्र केहिंदेचा, कारण जग कसं आहे ते चाखून बघायला त्यानेच ताइवोला पुढे धाडलं असं मानतात. नुसती हाक मारली तरी जन्माची हकीकत आणि घरातलं स्थान दोन्ही कळतं.

दूरबीण
कोरांटी, +१. मंगोलियात मुलं दगावत असली की पुढच्या बाळाला नेरगुई, म्हणजे ‘नाव नसलेला’, किंवा एनेबिश, म्हणजे ‘हा नव्हे’, अशी नावं देत. दुष्ट शक्तींना चकवण्यासाठी. नावाच्या अर्थात ताकद असते असं वाटल्याशिवाय हे सुचेल का?

अनवट
देणाऱ्याला वाटतं हे मान्यच आहे. पण नेरगुई मोठा होऊन कामाला जातो, लग्न करतो, तेव्हा त्याला कुणी बिननावाचा समजत नाही. अर्थ बारशापुरता, पुढे खूणच उरते.

शाईवाला
तुम्ही दोघंही कानाने ऐकलेल्या नावाबद्दल बोलताय. जपानीत ‘युकी’ ऐकून अर्थ कळतच नाही. एका चिन्हाने लिहिलं तर बर्फ, दुसऱ्याने लिहिलं तर सुख. आईबाप चिन्ह निवडतात, म्हणजे अर्थ निवडतात, आणि तो माणूस आयुष्यभर प्रत्येक सहीत तो लिहितो. १९९३ मध्ये तिथल्या एका बापाने मुलाचं नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, नोंदवायला दिलं. नगरपालिकेने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी मुलाला दुसरं नाव मिळालं. नुसती खूण असती तर एवढं कशाला झालं असतं?

कोरांटी
अनवट, आणखी एक सांगते. अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांची नावं मालकांनी पुसली आणि आपल्या सोयीची दिली. तिथल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याने ‘लिटल’ हे आडनाव टाकलं ते याच कारणाने. एक्स म्हणजे त्याच्या पूर्वजांचं ते आफ्रिकी नाव, जे त्याला कधीच कळणार नव्हतं. खूणच हवी होती तर ‘लिटल’ काय वाईट होतं?

अनवट
पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एक्सला शब्दकोशात अर्थ नाही. त्यात जे वजन आहे ते त्या माणसाच्या इतिहासाचं, आणि ते कुठल्याही अर्थासह नावांच्या यादीत सापडणार नाही.

कोरांटी
यादी सोडा, ती मलाही नको. पण त्या इतिहासालाच मी नावाचा अर्थ म्हणते.