अडत पेढीच्या टॅलीतल्या डेटाचं विश्लेषण: फुकट साधनांनी सुरुवात कुठून करावी?

दिवाणजी_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या पेढीवर हिशेब बघतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२२-२३ पासूनचा व्यवहार आहे, विक्रीच्या साधारण ४० हजार ओळी. मालकांचे प्रश्न तीन: कोणत्या पार्टीला माल देणं परवडतं, उधारी कुठं अडकते, आणि बेदाणा कोल्ड स्टोरेजला किती दिवस ठेवला की नफा भाड्यातच जातो. मला एक्सेलमधलं पिव्होट आणि व्हीलुकअप येतं. नवीन सॉफ्टवेअरला पैसे मिळणार नाहीत. मशीन विंडोजचं, ८ जीबी रॅम. पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू की आणखी काही? क्लासवाले थेट मशीन लर्निंगचा कोर्स गळ्यात मारतायत.

अजिंक्यतारा

मशीन लर्निंग सोडून द्या दादा. तुमचे तिन्ही प्रश्न बेरीज, वजाबाकी आणि तारखांचे आहेत. ४० हजार ओळी म्हणजे काहीच नाही, लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या फुकट प्रोग्रॅमच्या एका शीटमध्ये १० लाखांवर ओळी मावतात आणि पिव्होट तुम्हाला येतोच. पहिला आठवडा नवीन भाषा नको.

आधी टॅलीतून सेल्स रजिस्टर असं काढा की मालाच्या प्रत्येक ओळीला तारीख, बिल नंबर, पार्टी, माल, वजन, दर आणि जीएसटीशिवायची रक्कम मिळेल. जीएसटीसकट रक्कम घेतली तर पार्टी परवडते की नाही हे कधीच कळणार नाही. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा वेगळ्या निघतात, त्या उणे करून त्याच फाइलला जोडा.

आता खरी गोम. टॅलीच्या एक्सेल फाइलमध्ये बाकीपुढे जमा की नावे हे दिसतं, पण बहुतेक वेळा ते सेलच्या मजकुरात नसतं, नंबर फॉरमॅटमध्ये असतं. पायथनच्या पांडाज लायब्ररीने फाइल वाचली की ती खूण गळून पडते, नुसता आकडा उरतो. जमा-नावे एकाच बाजूला येऊन येणेबाकी फुगते, आणि प्रोग्रॅम मात्र एकही एरर देत नाही. वजनापुढच्या ‘क्विंटल’ किंवा ‘बॉक्स’चंही तसंच. उपाय दोन: रिपोर्ट काढतानाच जमा आणि नावे वेगळ्या कॉलममध्ये घ्या, नाहीतर ओपनपायएक्सएल लायब्ररीने सेलचा नंबर फॉरमॅट वाचून चिन्ह लावा.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, उघडताना कॅल्क एक खिडकी दाखवतं. तिथं तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष, एचएसएन कोडला (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ‘मजकूर’ आणि अक्षरांसाठी यूटीएफ-८ निवडा. कोड मजकूर केला नाही तर हळदीचा ०९१० हा ९१० होतो. तारीख चुकली की ५ एप्रिल ४ मे होते आणि १२ च्या पुढच्या दिवसांच्या तारखा मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. डावीकडे चिकटलेल्या तारखा दिसल्या की फाइल बंद करून पुन्हा उघडा, हाताने दुरुस्त करत बसू नका.

हे झालं की प्रत्येक महिन्याची बेरीज टॅलीतल्या विक्री खात्याशी रुपयाला रुपया जुळवा. ती जुळेपर्यंत एकही चार्ट काढायचा नाही.

कृष्णाकाठ

वरच्यात भर: पार्टीची नावं. ‘पाटील ट्रेडर्स’, ‘पाटील ट्रेडर्स.’ आणि ‘मे. पाटील ट्रेडिंग’ अशी तीन खाती असतात आणि पिव्होटमध्ये तीन ग्राहक दिसतात. यासाठी ओपनरिफाइन हा डेटा साफ करायचा फुकट प्रोग्रॅम वापरा. तो तुमच्याच मशीनवर ब्राउझरमध्ये चालतो, डेटा बाहेर जात नाही. नावाच्या कॉलमवर क्लस्टर करा, म्हणजे सारखी वाटणारी नावं एका गटात येतात. आधी फिंगरप्रिंट पद्धत लावा, ती स्पेस, टिंब आणि शब्दांचा क्रम यांतले फरक पकडते. स्पेलिंगचे फरक राहिले तर निअरेस्ट नेबर. मात्र ‘सगळे एकत्र करा’ डोळे झाकून दाबू नका, एकाच आडनावाच्या दोन पेढ्या यार्डात सर्रास असतात. जीएसटी क्रमांक सारखा असेल तरच एकत्र करा.

दिवाणजी_सांगली

बेरीज जुळली. जमा-नावेचाच घोळ होता. पण राजापुरी हळदीचा सरासरी दर मालक सांगतात त्यापेक्षा बराच जास्त येतोय. शिवाय घाई करून पांडाजमध्ये शहरवार बेरीज काढली, तर ती एकूण विक्रीपेक्षा कमी भरते.

अजिंक्यतारा

दराच्या कॉलमची सरळ सरासरी काढली असणार. १० क्विंटल १५,००० ने आणि ९० क्विंटल १२,००० ने विकली, तर दरांची सरासरी १३,५००. पण हातात आले १२ लाख ३० हजार, भागिले १०० क्विंटल, म्हणजे १२,३००. मालक हाच आकडा सांगतायत. दराची सरासरी कधीच काढू नका, एकूण रक्कम भागिले एकूण वजन.

शहरवार बेरीज कमी येते कारण काही पार्ट्यांच्या मास्टरमध्ये (पार्टीच्या मूळ नोंदीत) शहर भरलेलंच नाही. पांडाजचं ग्रुपबाय (गटवार बेरीज) रिकाम्या शहराच्या ओळी गुपचूप वगळतं. त्यात ‘ड्रॉप एनए’ फॉल्स करा, रिकाम्या शहराची वेगळी ओळ दिसेल.

पुढं उलटंही होईल. पार्टी मास्टरमध्ये एक नाव दोनदा असेल तर ते विक्रीच्या ओळींना मर्ज केल्यावर, म्हणजे जोडल्यावर, त्या पार्टीची विक्री दुप्पट होते. मर्जमध्ये ‘व्हॅलिडेट’ला ‘अनेकास एक’ सांगितलं की दुबार नावावर तो तिथंच थांबतो. तिमाही काढताना वर्ष मार्चला संपतं हे सांगा आणि लेबल सांभाळा: पांडाज एप्रिल-जून २०२५ ला २०२६ ची पहिली तिमाही म्हणतो.

बेदाणा_बॉक्स

कोल्ड स्टोरेजच्या हिशेबासाठी डकडीबी हा फुकट डेटाबेस बघा. सर्व्हर लागत नाही, सीएसव्हीवर थेट एसक्यूएल (डेटाला प्रश्न विचारायची भाषा) चालतं. एसक्यूएल शिकायला ह्याहून सोपी जागा नाही.

गणित मात्र भाड्यावर थांबवू नका, अडकलेल्या पैशाचं व्याज त्याहून जड पडू शकतं. समजा माल २०० रुपये किलोचा आणि सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज १२ टक्के. ९० दिवसांचं व्याज किलोला ५ रुपये ९२ पैसे. त्यावर भाडं, हमाली आणि वजनातली घट चढवा. तेवढा दर वाढला नसेल तर ठेवण्यात तोटा. भाडं महिन्यावर असेल तर दिवसाच्या हिशेबाने भागू नका, एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिना लागतो का ते पावतीवर बघा.

यासाठी प्रत्येक लॉटला आवक तारीख आणि जावक तारीख लागते. टॅलीत बॅच लावलेली नसेल तर ‘आधी आला तो आधी गेला’ असं धरावं लागेल, पण प्रतवारी वेगळी असेल तर ते धरणं चुकतं. आजपासून लॉट नंबर टाकायला सुरुवात करा, जुन्याचा अंदाजच राहील.

कृष्णाकाठ

उधारीचं राहिलं. ३०-६०-९० दिवसांचे गट बिलाच्या तारखेपासून नाही, ठरलेल्या मुदतीपासून मोजा. ४५ दिवसांची मुदत असलेली पार्टी ४० व्या दिवशी थकबाकीदार दिसली तर मालक तुमचा रिपोर्ट पुन्हा बघणार नाहीत. ‘खात्यावर जमा’ म्हणून आलेले पैसे आधी बिलांना लावा, नाहीतर जुनी बिलं उगाच उघडी दिसतात. आर शिकायची गरज आत्ता नाही. मेटाबेस या चार्ट दाखवणाऱ्या साधनाचा डॅशबोर्ड मालकांनी तोच रिपोर्ट दर आठवड्याला मागितला तर बसवा.

दिवाणजी_सांगली

मुदत टॅलीत निम्म्या पार्ट्यांनाच भरलेली आहे, ती आधी भरून घेतो. फाइल इथं टाकली तर बघाल का?

अजिंक्यतारा

अख्खी फाइल नको. पार्टीची नावं ‘प१, प२’ करा, जीएसटी आणि मोबाइल नंबरचे कॉलम उडवा, एकाच महिन्याच्या ५० ओळी टाका. त्यात दोन-तीन क्रेडिट नोटा आणि एखादी रिकामी शहरवाली पार्टी असू द्या. आणि त्या ५० ओळींची टॅलीतली बेरीजही लिहा.