मिथेनॉल इंधनघटासाठी केलेले मेंब्रेन ६० अंशांवर लिबलिबीत का होते?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, बेळगाव)

नमस्कार. थेट मिथेनॉलवर चालणाऱ्या इंधनघटासाठी मी सल्फोनेटेड (सल्फोनिक आम्लगट जोडलेल्या) पॉलिईथर ईथर कीटोनचे मेंब्रेन, म्हणजे प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा, तयार करीत आहे. पॉलिमर तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवते, बर्फाच्या पाण्यात ओतून त्याचे धागे पाडते आणि ते धुऊन-वाळवून डायमिथिल अ‍ॅसिटामाइडमधून काचेवर पसरवते. आयन विनिमय क्षमता (प्रोटॉन देणाऱ्या आम्लगटांचे माप) ग्रॅममागे २.३ मिलिइक्विव्हॅलंट आली, म्हणजे नाफिऑन ११७ या प्रचलित फ्लोरिनयुक्त मेंब्रेनच्या ०.९१ च्या अडीचपट. मात्र तेच मेंब्रेन ६० अंशांच्या मिथेनॉल-पाण्यात अर्ध्या तासात शिजलेल्या साबुदाण्यासारखे झाले. चूक कोठे होते आहे?

उत्तर १ (खानापूर)

चूक त्या अडीचपटीच्या आनंदातच आहे. या पॉलिमरच्या साखळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घटकाचे रेणुवजन २८८ असते आणि प्रत्येक सल्फोनिक गट त्यात ८० ची भर घालतो. त्या हिशेबाने २.३ म्हणजे सुमारे ८१ टक्के सल्फोनेशन झाले, म्हणजे शंभरातल्या ८१ घटकांवर गट बसले, आणि इतके सल्फोनिक गट बसलेली साखळी गरम मिथेनॉलमध्ये फुगणारच. नाफिऑनचे गट संख्येने कमी असले, तरी फ्लोरिनमुळे त्यांची आम्लता फार तीव्र असते व पाण्याच्या वाटा रुंद, चांगल्या जोडलेल्या असतात, म्हणून प्रोटॉन सहज जातात. त्याच वाटांनी मिथेनॉलही कॅथोडकडे झिरपते आणि १.२१ व्होल्टचे सैद्धांतिक विभवांतर प्रत्यक्षात बरेच घसरते. आपल्या पॉलिमरच्या वाटा अरुंद आहेत हाच त्याचा गुण. तो अतिसल्फोनेशनने घालवू नये. आम्लातला वेळ कमी करून ५५ ते ६० टक्क्यांवर थांबावे.

उत्तर २ (निपाणी)

वरच्या हिशेबाला हरकत नाही, पण ताई, तो २.३ आकडाच आधी तपासावा. धाग्यांत अडकलेले मुक्त आम्लही टायट्रेशनमध्ये (आम्ल मोजताना) ब्यूरेटमधून घातलेला कॉस्टिक सोडा खाते आणि क्षमता फुगवून दाखवते. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून पाहा. पांढुरकेपणा दिसला तर धुणे बाकी आहे. याच्या उलट, आपल्याकडच्या जुलैच्या हवेत कोरडा तुकडा उघड्या तराजूवर ठेवला की ओलाव्याने वजनाचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो, त्यामुळे क्षमता कमी भरते. झाकणाच्या बाटलीतच वजन करावे. काचही समतल हवी. आमची काच गवंड्याच्या पाणसळीने लावेपर्यंत एकाच फिल्मची जाडी एका कडेला ९० मायक्रॉन, तर दुसरीला ६० येत असे, आणि अशा फिल्मवर मोजलेल्या मिथेनॉलच्या झिरपण्याला काही अर्थ राहत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. सर, बेरियम क्लोराइडने पाणी खरोखरच गढूळ झाले. आणखी दोन दिवस धुऊन, बंद बाटलीत वजन करून क्षमता २.१ आली, म्हणजे तरीही सुमारे ७३ टक्के. नवा घाणा आजच आम्लात टाकला आहे. यावेळी दर तासाला थोडे द्रावण काढून, धुऊन, टायट्रेट करणार आहे.