मदत हवी आहे: कॅथलिक कॉलेजात तत्त्वज्ञान मायनर, ठेवू की सोडू?

अर्धवट_तार्किक:
मेजर कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. मायनरला तत्त्वज्ञान घेतलं ते थोडं हौसेनं, थोडं वेळापत्रकात बसलं म्हणून. कॉलेज कॅथलिक, शिकवायला एक फादर. मी ख्रिस्ती नाही, देवबिव मानत नाही. लॉजिकचा पेपर मजेत गेला. मध्ययुगाशी आलो आणि गाडी अडली.

थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या 'पाच मार्गां'वर, म्हणजे देव आहे हे दाखवणाऱ्या त्याच्या पाच युक्तिवादांवर, निबंध होता. मी लिहिलं, 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं तो म्हणतो. मग देवाचं कारण काय? इथेच युक्तिवाद कोसळतो.' वीसपैकी आठ. समासात लाल शाईत एकच ओळ: 'असं तो कुठे म्हणतो? दाखव.'

नास्तिकपणाचे गुण कापले, दुसरं काय! मायनर बदलायला अजून आठ दिवस आहेत. पुढची दोन वर्षं असंच धर्मशिक्षण चालणार असेल तर आत्ताच निघतो. अशा कॉलेजात हा विषय केलेलं कुणी आहे का?

काठावरचा:
सोडायचं तर सोड, पण आधी ती ओळ शोध. मिळणार नाही. पहिल्या मार्गात तो म्हणतो की जे हलतं ते दुसऱ्या कशानं तरी हलवलेलं असतं. दुसऱ्या मार्गात, कुठलीही गोष्ट स्वतःचंच कारण होऊ शकत नाही. 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' हे तुझ्या पदरचं. ही चूक भलेभले करतात, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नकोस.

त्याची कारणांची साखळीही तुला वाटते तशी नाही. हात काठी हलवतो, काठी दगड ढकलते. हात थांबला की काठीत स्वतःचं असं काही बळ उरत नाही, म्हणून अशा साखळीला पहिला हलवणारा लागतोच, असं त्याचं म्हणणं. आजोबा-बाप-मुलगा ही साखळी वेगळी, आजोबा गेले तरी नातवाला मूल होतंच. ही दुसरी साखळी अनंत मागे जायला अक्वायनसची हरकत नाही. जगाला कधीतरी सुरुवात झाली हे बुद्धीनं सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनंच मानायचं, असं तो स्वतः लिहून गेलाय.

अर्धवट_तार्किक:
म्हणजे बेस केस नसलेलं रिकर्शन? स्वतःलाच पुन्हा पुन्हा कॉल करणारं, पण कुठे थांबायचं हेच न सांगितलेलं फंक्शन?

काठावरचा:
जवळपास. वरचे सगळे कॉल एकाच वेळी उघडे, प्रत्येक जण पुढच्याच्या उत्तराची वाट बघतोय, असं चित्र धर. 'आधी एक, मग दुसरा' असं धरलंस तर पुन्हा फसशील.

जुनी_वही:
मी अशाच कॉलेजातून हा मायनर पूर्ण केला. आमच्याकडे थिऑलॉजीचा पेपर वेगळा होता. तिथे बायबल प्रमाण मानून पुढे जायचं, तत्त्वज्ञानाच्या पेपरात तसं केलं की फादरच गुण कापायचे. माणसाच्या बुद्धीवर उभं असलेलं आप्तवचन, म्हणजे 'अमका थोर माणूस म्हणतो म्हणून खरं', हा सगळ्यांत दुबळा पुरावा, हे अक्वायनसचंच म्हणणं.

पाच मार्ग ज्यात आहेत तो अक्वायनसचा ग्रंथ 'सुम्मा' उघडून बघ, प्रत्येक प्रश्नाची सुरुवात पूर्वपक्षानं होते. देव आहे का या प्रश्नावर दोनच आक्षेप घेतलेत. जगात वाईट आहे, मग अमर्याद चांगला देव कसा? आणि निसर्गानं सगळ्याचा उलगडा होत असेल तर देव हवाच कशाला? हे दोन्ही आक्षेप तुझ्या निबंधात असते तर आठावर थांबला नसतास.

कडू_कारलं:
सगळंच गोड करून सांगू नका. याच चर्चनं १८२७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटचा 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकला आणि ती यादी थेट १९६६ ला रद्द झाली. १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अक्वायनसला कॅथलिक शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवलं, त्याचं वजन अजून जाणवतं. म्हणून पुढच्या सेमिस्टरांचा अभ्यासक्रम मागून घे. देवाच्या असल्या युक्तिवादांवर टीका करणारे ह्यूम आणि कांट मुळातून वाचायला असतील तर राहा. 'अक्वायनसनं दिलेली उत्तरं' या मथळ्याखाली दोन तासांत उरकले असतील तर निघ.

अर्धवट_तार्किक:
अपडेट. ओळ शोधली, खरंच नाही. (लाज वाटली. कोडमध्ये मी दुसऱ्यांना हेच सुनावतो, आधी डॉक्युमेंटेशन वाच.) फादरांना भेटलो. म्हणाले, 'पुन्हा लिहून आण, गुण वाढणार नाहीत.' अभ्यासक्रमात ह्यूमचे 'डायलॉग्ज' (देवाच्या युक्तिवादांवरचे त्याचे संवाद) पूर्ण आहेत, तेव्हा तूर्तास राहतोय.

आता न्यूटन घेऊन जातोय. जडत्वाच्या नियमानं हलणारी वस्तू कुणी न ढकलताही हलत राहते, मग पहिला मार्ग तिथेच संपला ना?

काठावरचा:
हा आक्षेप चांगला आहे, त्यावर गंभीर वाद झालेत. फक्त 'हलणं' म्हणजे जागा बदलणं एवढंच धरू नकोस. त्याच परिच्छेदात आग आणि लाकूड आहे. लाकूड गरम होऊ शकतं, पण गरम झालेलं नसतं, ते आगीमुळे होतं. त्या लाकडाला जडत्व कसं लावणार, ते आधी लिही.