नर्सिंगच्या मुलींसाठी ‘खोटा पेशंट’ आणि गुणांचा खेळ : कुणी करून पाहिलंय का?

वॉर्डवाली_ट्यूटर :
नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. नर्सिंगला शिकवते. स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर आमच्या मुली सीपीआर झकास देतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची लय, हात ताठ, काही बोलायला जागा नाही. पण त्याच पुतळ्याला ‘आजी, कसं वाटतंय?’ असं विचारा म्हटलं की खिदळतात, आणि वॉर्डात खरी आजी समोर आली की तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून पेशंटच्या जागी जिवंत माणूस बसवायचा विचार आहे. प्राचार्यांना त्यात ‘गेमिफिकेशन’ हवंय : गुण, बॅज, भिंतीवर क्रमवारी. पैसे जवळजवळ नाहीतच. पेशंट कुणाला करू? आणि क्रमवारी लावली की मागच्या बाकावरच्या मुली आणखीच गप्प होतील, त्याचं काय?

पीएसएम_सर :
कल्पना जुनीच आहे. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला धडधाकट बाईला आजाराची लक्षणं शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं होतं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डेन यांनी ऑस्की परीक्षा मांडली (विद्यार्थी एकेका टेबलावर, म्हणजे ‘स्टेशन’वर, जाऊन ठरलेलं काम करून दाखवतात ती), आणि आज तिच्या कितीतरी स्टेशनांवर असेच पेशंट असतात.
एकच सांगतो, सीनियर मुलींना पेशंट करू नका. त्यांना उत्तर ठाऊक असतं, मैत्रीण अडखळली की डोळ्यांनी खुणावतात.

हौशी_काकू :
ताई, मी राज्य नाट्य स्पर्धेत कामं करणारी बाई. आमच्या ग्रुपमधल्या तिघीचौघी एका कॉलेजात अशा पेशंट होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी ठरलेली भूमिका : मधुमेहाची पेशंट, इन्सुलिन चालू, अधूनमधून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. पहिलं वाक्य पाठ : ‘सिस्टर, मला मेलं गरगरतंय हो.’ बाकीचं विचारल्याशिवाय सांगायचं नाही. खरी मेख अशी की ही बाई संकष्टी धरते. ‘जेवण वेळेवर करता ना?’ असं विचारलं की मी मुकाट ‘हो’ म्हणते, कारण त्या प्रश्नातच ‘हो’ भरलेलं असतं. पण ‘उपास करता का?’ किंवा ‘त्या दिवशी सकाळपासून काय खाल्लंत?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘चंद्रोदयापर्यंत नुसता चहा. पण इंजेक्शन नाही हं चुकवत कधी!’ मग त्या मुलीचा चेहरा बघावा. पुस्तकातलं हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर फार उतरणं, तिला तिथे, माझ्या कौतुकाच्या सुरात सापडतं.

नटांना एक सवय सोडावी लागते, रंगवायची. एकीसमोर रडले आणि दुसरीसमोर नाही, तर दोघींची परीक्षा वेगळी झाली. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच सूर. (आमच्यातले एक गृहस्थ प्रत्येक वेळी नवं दुखणं काढायचे. त्यांना प्रेमाने पडद्यामागे, घंटा वाजवायला बसवलंय.) सुई खरी टोचू द्यायची नाही. पोटावर स्पंजचं पॅड बांधतो, त्यावर टोचतात.

आता गुणांचं. तिथे आधी घड्याळ लावून यादीप्रमाणे प्रश्नाला एक गुण होता. पहिली आली ती मुलगी माझ्याकडे एकदाही न बघता सगळे प्रश्न धडाधड म्हणून गेली. ‘मी तुमची काळजी समजू शकते’ हेसुद्धा तिने कागदावर टिचकी मारावी तसं म्हटलं! मग मॅडमनी घड्याळ काढलं आणि काही गुण पेशंटच्या हाती दिले. मी अंगावरची शाल काढते, म्हणजे भूमिका संपली, आणि सांगते : ‘माझ्या उपासाला तू हसलीस, तिथे मी पुढचं सांगायचं थांबवलं.’ मुलींना हे यादीपेक्षा जास्त झोंबतं, आणि लक्षात राहतं. क्रमवारीची मागणी पुन्हा कुणी केली नाही.

सलाईन_आणि_कुलूप :
प्राचार्यांना खेळ हवाच असेल तर आकडेमोडीला ठेवा, संवादाला नको. आम्ही आकडी कुलपाच्या पेट्या करतो. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा (म्हणजे त्याच्या नळीतून २० थेंब पडले की १ मिली), तर मिनिटाला किती थेंब? २१ चा आकडा लावला की पेटी उघडते, आत पुढची चिठ्ठी. १५ थेंबांचा सेट धरणाऱ्या गटाचं कुलूप १६ वर अडून बसतं, मग सगळ्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला धावतात. गुण गटाचे, नावं नाहीत. खर्च कुलपांचा तेवढा.

वॉर्डवाली_ट्यूटर :
काकू, शालीची युक्ती उचलते. आमच्याकडे भजनी मंडळातल्या बायका आहेत, जमेल त्यांना? आणि मानधन किती?

हौशी_काकू :
भजनी मंडळ फर्मास, पाठांतर पक्कं असतं. त्यांना आधी एकमेकींवर सराव करू द्या. मानधन जमेल ते, पण जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण नक्की द्या. ‘गाठ कॅन्सरची निघाली’ अशी भूमिका असेल तर एकाच बाईला लागोपाठ बसवू नका, आलटूनपालटून दोघी ठेवा. खोटं असलं तरी ते वाक्य कानावर पुन्हा पुन्हा पडलं की रात्री झोप लागत नाही. आणि घरात नुकतंच तसं काही घडलेली बाई असेल, तर तिला संकष्टीवालीच करा.